हळद लागलेलं काडतूस

एकदा एक पिस्तूल होतं आणि ते रिकामं आहे असं सगळे म्हणत होते.

पिस्तूल लहान होतं, तळहातात मावेल एवढं, बत्तीस बोअरचं. एका सिमेंट-लोखंडाच्या व्यापाऱ्याच्या वडिलांनी ते कोणाकडून तरी जुनंच विकत घेतलं होतं. वडील गेल्यावर परवाना व्यापाऱ्याच्या नावावर झाला आणि आता तो त्याच्या मुलाच्या नावावर व्हायचा होता. इतक्या वर्षांत त्या पिस्तुलातून कोणी एकही गोळी झाडलेली नव्हती. त्याला काम एकच. वर्षातून एकदा दसऱ्याला चौरंगावर बसायचं, हळदकुंकू लावून घ्यायचं, झेंडूचं फूल अंगावर घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी परत कपाटात जायचं.

त्या तालुक्याच्या गावी शस्त्रदुरुस्तीचं एकच परवानाधारक दुकान होतं. दुकानाचा मालक सत्तरी ओलांडलेला एक वस्ताद. हात असा, की गंजून चिकटलेली दुनळी त्याच्या मांडीवर येऊन मऊ व्हायची. बोलायचा मात्र फार कमी, आणि कमी बोलणाऱ्या म्हाताऱ्याला आपल्याकडे लोक लगेच ज्ञानी ठरवतात. त्याने कधी तोंड उघडून काय सांगितलं, हे मात्र कोणी विचारत नाही.

त्याच्या हाताखाली एक शिष्य होता. चोवीस वर्षांचा, इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडून आलेला. पाच वर्षं कानस घासून त्याने विद्या मिळवली होती. आता दुकानाच्या परवान्यावर त्याचं नाव चढायला हवं होतं, म्हणजे वस्तादानंतर त्याला हेच काम करता आलं असतं. अर्ज तयार होता, फक्त वस्तादाची सही हवी होती. "दसऱ्याला करू," असं वस्ताद म्हणाला होता. असे दोन दसरे होऊन गेले होते. शिष्य तिसऱ्याची वाट बघत होता.

दसऱ्याला तीन आठवडे असताना व्यापारी गाडीतून उतरला. मागे ड्रायव्हर पिस्तुलाची डबी घेऊन.

"वस्ताद, बाबांची आठवण आहे. एकदम नवं करून द्या. निकेल असं चढवा की तोंड दिसलं पाहिजे. मूठ शिसवीची करा. आणि चाप हलका करा हो. दगड झालाय नुसता. बोट लावलं की सुटायला पाहिजे. आमच्या चिरंजिवांच्या हातात द्यायचंय यंदा, चार पाहुण्यांसमोर. आजकालच्या पोरांना सगळं टचवर लागतं."

वस्ताद हसला. शिष्याने विचारलं, "शेठ, रिकामं आहे ना?"

"अरे, आहेच की!" व्यापाऱ्याने मुठीतून खट्कन गोळ्यांचं मॅगझिन काढून त्याच्या डोळ्यांसमोर नाचवलं. "काय दिसतंय? हवा!" मग गंमत म्हणून त्याने पिस्तूल शिष्याच्या छातीवर रोखलं. "हात वर कर, इंजिनिअर!"

ड्रायव्हर हसला, वस्तादही हसला. मोठा माणूस गंमत करतोय म्हटल्यावर हसावंच लागतं. व्यापाऱ्याने बोट आवळलं. चाप हलला नाही. त्याने दात आवळून पुन्हा जोर लावला, तरी हलला नाही.

"बघा, म्हटलं ना? दगड!" असं म्हणून त्याने ते गल्ल्यावर ठेवलं आणि गाडीत बसून निघून गेला.

दुपारी शिष्याने पिस्तूल उघडायला घेतलं. स्लाइड, म्हणजे नळीवरचा सरकता भाग, घट्ट बसली होती. आत वर्षानुवर्षांची हळद, कुंकू, वर गेल्या दसऱ्याच्या पंचामृताचे थेंब, सगळं मिळून सिमेंट झालेलं. रॉकेल सोडून, फडकं गुंडाळून, हळूहळू ओढत त्याने ती मागे घेतली, तेव्हा नळीच्या मागच्या तोंडातून एक वस्तू निसटून फरशीवर पडली आणि गोल फिरत त्याच्या चपलेशी येऊन थांबली.

ते काडतूस होतं. जिवंत. आणि हळदीने पिवळं झालेलं.

मॅगझिन काढलं तरी नळीत आधीच चढलेली गोळी नळीतच राहते. एवढी साधी गोष्ट. व्यापाऱ्याला माहीत नव्हती, त्याच्या बापालाही नसावी. शिष्य खाली बसला. ज्या चापाला तो माणूस दगड म्हणत होता, तो दगड होता म्हणून हा जिवंत होता. आणि तोच चाप हलका करायचं काम त्याच्या पुढ्यात ठेवून माणूस जेवायला गेला होता.

तो काडतूस मुठीत धरून वस्तादाकडे गेला.

"वस्ताद, हे आत होतं."

वस्तादाने चष्मा वर केला, काडतूस पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावरची एक सुरकुतीसुद्धा हलली नाही. "असतं," तो म्हणाला.

"असतं म्हणजे?"

"मोठ्या घरांत रीत आहे. पूजेत शस्त्र रिकामं ठेवत नाहीत. ओटी रिकामी ठेवतात का? तसंच. म्हणून एक गोळी नळीत चढवून मग हळदकुंकू लावतात. दुसऱ्या दिवशी काढायची, तर ते राहून जातं." त्याने खालचा कप्पा उघडून काचेची बरणी काढली. कधीतरी लिंबाचं लोणचं घातलं असेल त्या बरणीत. आता तिच्यात काडतुसं होती, अर्ध्याच्या वर. जुनी, नवी, जाडी, बारीक. आणि सगळी पिवळी. वस्तादाने ते नवं काडतूस आत सोडलं आणि झाकण लावलं.

शिष्य बरणीकडे बघतच राहिला. "ही सगळी...?"

"दर वर्षी दोन-तीन येतात."

"पोलीस ठाण्यात जमा करायची असतात ना?"

"जमा करायची तर कुठून आली ते सांगावं लागतं."

"मग सांगायचं! आणि त्या लोकांना? त्यांना काय सांगता तुम्ही?"

"काही नाही. काढून घेतो, साफ करतो, परत देतो. गिऱ्हाईक मोठं असतं. त्याला त्याच्याच माणसांसमोर बावळट म्हणायचं का?" वस्तादाने चष्मा खाली घेतला. "झालं का तुला काही? नाही ना? मग काम कर."

शिष्याने काम केलं. सतरा दिवस केलं. राग आलेल्या माणसाने कानस हातात घ्यावी, तिला राग कळतो आणि ती कामही देते. त्याने नळीतली हळद लाकडी काडीने टोकरून काढली. गंजाचे खड्डे बारीक पेपरने घासून सपाट केले. चौकटीवर निकेल चढवून आणलं. शिसवीच्या तुकड्यातून मूठ कोरली, ती हातात घेतली तर हाताचाच भाग वाटावी अशी. पिस्तूल खरंच नवं झालं. त्याहून वाईट म्हणजे, सुंदर झालं.

राहिला होता चाप. तो वस्तादाने स्वतः बसवला, शिष्याला हात लावू दिला नाही. बसवून झाल्यावर शिष्याने रिकाम्या पिस्तुलाचा चाप दाबून पाहिला आणि चकित झाला. हलका व्हायच्या ऐवजी तो पूर्वी नवा असताना असेल त्याच्या दुप्पट जड झाला होता.

"वस्ताद, शेठला हलका हवा होता. तुम्ही उलट जड स्प्रिंग घातली."

वस्ताद याच प्रश्नाची वाट बघत असावा. त्याने हात पुसले, पाय दुमडून बसला आणि संथ आवाजात म्हणाला:

"मनुष्याचं बोट मनाच्या आधी धावतं, बाळ. मन मागून येतं, धापा टाकत. चाप जड असला की बोटाला थांबावं लागतं, आणि तेवढ्या क्षणात मन येऊन पोचतं. जड चाप म्हणजे मनुष्याला दिलेला विवेकाचा अवकाश. व्यापाऱ्याने वेग मागितला, मी त्याला विलंब दिला. गिऱ्हाइकाने मागितलेली वस्तू कारागिराने द्यायची नसते, गरजेची द्यायची असते."

अशा गोष्टी इथेच संपतात. व्याख्यानात इथे वक्ता पाण्याचा घोट घेतो. समोर बसलेली पन्नाशी-साठीतली माणसं माना डोलावतात, एकमेकांकडे बघतात, 'काय बोलला म्हातारा!' म्हणतात. शिष्य पाया पडतो आणि सगळे चहाला उठतात.

या शिष्याने पायांना हात लावला नाही.

"हे तुम्ही शेठला सांगणार?"

"सांगायचं कशाला? त्याच्या बोटाला कळेल."

"बोटाला कळत नाही वस्ताद, कानाला कळतं. एक वाक्य आहे सगळं. 'शेठ, नळीत गोळी राहते, स्लाइड ओढून बघत जा.' तुम्हाला ते म्हणायची लाज वाटते म्हणून तुम्ही स्प्रिंग बदलता आणि वर तिला विवेक म्हणता!"

"आवाज खाली."

"माझ्या छातीवर रोखलं होतं त्याने! आणि तुम्ही हसलात."

वस्तादाने अर्जाची फाइल काढून टेबलावर ठेवली. मग म्हणाला, "दसरा चार दिवसांवर आला. तुझ्या अर्जावर सही करायची आहे मला. गिऱ्हाइकासमोर तोंड उघडलंस तर सही विसर." आणि तो जेवायला घरी गेला.

दुकानात एकटा राहिलेल्या शिष्यासमोर टेबलावर दोन गोष्टी होत्या, अर्जाची फाइल आणि झळझळतं पिस्तूल. बघायला गेलं तर निवड सोपी होती. गप्प राहायचं आणि वस्ताद व्हायचं. वस्तादही असाच वस्ताद झाला असेल.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी व्यापारी मुलाला घेऊन आला. मुलगा बावीस-तेवीसचा, कपाळाला टिळा, हातात फोन, चेहऱ्यावर थोडा संकोच. शिष्याने पिस्तूल मखमलीच्या तुकड्यावर ठेवून पुढे केलं. तोंडाने एक शब्दही बोलला नाही, कारण तोंड उघडायचं नाही हीच अट होती.

"वा! वस्ताद, वा! अरे, नवरदेव दिसतोय हा!" व्यापाऱ्याने पिस्तूल उचललं, मुठीवरून अंगठा फिरवला, मॅगझिन काढलं, त्यात डोकावला. "रिकामं," असं आपल्या मुलाला सांगितलं, जाणकारासारखं. आणि सवयीने त्याचा हात उठला. "हात वर कर, इंजिनिअर!"

शिष्याने हात वर केले.

व्यापाऱ्याने चाप दाबला. जड होता. त्याने भुवया आक्रसल्या, बोट आणखी वळवलं, दंडाची शीर वर आली. वस्तादाने दिलेला तो सगळा अवकाश व्यापाऱ्याने वापरला, जोर लावण्यासाठी. आणि शेवटी घोडा पडला.

टक्.

व्यापारी हसला. शिष्याने हात खाली घेतले आणि स्लाइड मागे ओढायची खूण केली. "काय? ही?" म्हणत व्यापाऱ्याने ओढली. नळीतून एक पितळी काडतूस उडालं आणि फरशीवर टणटणत गेलं.

शिष्याने ते काडतूस उचलून सगळ्यांना दाखवलं. चाचणीसाठी दुकानात ठेवतात ते भरीव पितळेचं खोटं काडतूस होतं, पोटात दारू नसलेलं. त्याच्या बुडावर आत्ताच्या आघाताची ताजी खूण होती. ते त्याने मखमलीवर ठेवलं. मग खालच्या कप्प्यातून बरणी काढली, तिच्यातलं सगळ्यात वरचं पिवळं काडतूस बाहेर काढलं आणि खोट्याच्या शेजारी उभं केलं. मगच तो वस्तादाकडे वळून बोलला.

"जड होता वस्ताद. तरी दाबला."

"हा काय तमाशा आहे?" व्यापाऱ्याचा आवाज चिरकला. "माझी परीक्षा घेतोस? कॉलेजातून पळालेलं कार्टं माझी परीक्षा घेणार? वस्ताद, ह्याला आत्ताच्या आत्ता हाकला, नाहीतर ह्या दुकानाचं काय करायचं ते मी बघतो!"

वस्ताद उठला नाही. त्याची नजर पितळी काडतुसाच्या बुडावरच्या त्या खुणेवर खिळली होती.

"पप्पा," मुलगा म्हणाला. त्याने पिवळं काडतूस हातात घेतलं होतं आणि नखाने हळद खरवडत होता. "हे आपलं आहे?"

"तू गप्प रे."

"नाही, आपलंच असेल. मागच्या दसऱ्याला आजोबांसारखं करायचं म्हणून तुम्हीच मॅगझिनमधून चढवलंत, आणि दुसऱ्या दिवशी नुसतं मॅगझिन रिकामं केलंत. मी व्हिडिओ काढलाय." तो थांबला. "आणि गेल्या दिवाळीत हे पिस्तूल कपाटातून काढून चिनूने माझ्या हातात आणून दिलं होतं. नळीचं तोंड स्वतःकडे करून. काका, तुझी बंदूक, म्हणाली. मी तिच्या हातातून घेतलं आणि खोटं खोटं ठो केलं. तिच्यावर. दाबला होता मी, पप्पा. जोर लावला होता. अडकला म्हणून सोडून दिलं."

चिनू म्हणजे व्यापाऱ्याची नात, पाच वर्षांची.

व्यापारी खाली बसला. स्टुलावर बसायचं ते लोखंडी पेटीवरच बसला. त्याने वस्तादाकडे पाहिलं.

"तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"केव्हापासून?"

"तुमच्या वडिलांपासून," वस्ताद म्हणाला. "त्यांचं दोनदा काढलंय मी."

"मग सांगितलं का नाही?"

वस्तादाकडे आज संथ आवाज नव्हता. "तुम्ही मोठी माणसं," तो म्हणाला, "आणि मी भित्रा. मी बोलत नाही ह्याला लोक शहाणपण म्हणायचे. मलाही ते बरं वाटायचं." त्याने बरणी जवळ ओढली आणि आत हात घालून तळाशी चाचपलं. दोन काडतुसं वर आली, एकसारखी, हळद काळी पडलेली. "ही गिरणीवाल्यांची, पंचवीस वर्षांपूर्वीची. एका वर्षी एक निघालं, पुढच्या वर्षी दुसरं. मी काढून घेतली, पिस्तूल साफ करून दिलं, नमस्कार केला. तिसऱ्या वर्षी त्यांनी ते माझ्याकडे पाठवलंच नाही. मग पेपरातच वाचलं. साफ करताना चुकून गोळी सुटली, सून जागीच गेली. ती साफ काय करणार? कपाट पुसत होती बिचारी."

गाव ती बातमी विसरलं होतं. 'चुकून' हा शब्द त्यासाठीच असतो. त्याच्या आत किती जणांचं गप्प बसणं भरलेलं आहे, ते कोणी स्लाइड ओढून बघत नाही.

शिष्याला काय म्हणायचं होतं ते आता वस्तादच म्हणत होता, पंचवीस वर्षं उशिराने.

मुलाने पिस्तूल उचललं. स्लाइड उघडीच होती, ती त्याने तशीच ठेवली, करंगळी नळीच्या मागच्या तोंडात घालून पाहिली, आणि मग ते डबीत ठेवलं. "उद्या पूजेत असंच ठेवायचं," तो बापाला म्हणाला, "उघडं आणि रिकामं." बापाने डबी उचलली. जाताना दारात अडखळून तो शिष्यासमोर थांबला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण माफी मागायची सवय नव्हती. तसाच गेला.

गाडी गेल्यावर वस्तादाने फाइल मागितली. अर्जावर सही केली, तारीख घातली, पेनाचं टोपण लावलं.

"आज दुकान तू बघ," तो म्हणाला. "मला ठाण्यात जायचंय ही बरणी घेऊन. तिथून पुढे आणखी काही घरी."

"किती घरी?"

"मला सगळी पाठ आहेत."

पूजेच्या आधी पोचायचं म्हणून वस्ताद त्या दिवशी जेवला नाही. कुठे त्याला आत बोलावलं, कुठे फाटकातूनच घालवलं. एका घरी हसले, म्हणाले, म्हातारा झालात वस्ताद, आराम करा. त्याने प्रत्येक ठिकाणी तेच एक वाक्य म्हटलं, मोठ्याने, बायकामुलांना बाहेर बोलावून. सगळ्यात शेवटी तो गिरणीवाल्यांच्या घरी गेला. तिथे पिस्तूल आता नव्हतं. भिंतीवर फोटो होता. तिथे तो काय बोलला, हे त्याने कोणालाही सांगितलं नाही.

दिवेलागणीला तो परत आला तेव्हा शिष्य गल्ल्यावर एका गिऱ्हाइकाला अडवून उभा होता. "नळीत बोट घालून दाखवा," तो म्हणत होता, "तुमचं. माझं नाही." गिऱ्हाईक चिडलं होतं. वस्ताद दारातच उभा राहून ऐकत होता. मग चपला काढून आत आला आणि शिष्याच्या जागेवर, खाली, कानशींच्या शेजारी जाऊन बसला.

शिष्याने त्याला माफ केलं का? नाही. त्याने त्याच्यासाठी चहा सांगितला.

तुमच्या घरी उद्या चौरंगावर जे ठेवाल, ते रिकामं आहे असं म्हणू नका. उघडून बघा, आणि ज्यांनी तुम्हाला आजवर बघायला सांगितलं नाही त्यांच्या पाया पडण्याआधी त्यांना त्याचं कारण विचारा.